वरची कवळी

ह्यांचे वरचे दात गेले आणि आमच्या घरात पहिल्यांदाच माउथ ऑर्गन आठवडाभर डबीत पडून राहिला.

चाळीस वर्षं ह्यांनी दुसऱ्यांच्या बँडमध्ये जॅझ वाजवलं. गायिकेचं कडवं संपलं की मधला तुकडा ह्यांचा. तो झाला की पुन्हा मागच्या खुर्चीत. आता सत्तरीत पहिल्यांदा ह्यांच्या नावाचा कार्यक्रम ठरला होता, शनिवारी संध्याकाळी. नवी कवळी बसून जेमतेम दहा दिवस झालेले.

हे वाद्य फुंकून वाजतं, तसंच श्वास आत ओढूनही. फुंकताना कवळी शहाण्यासारखी बसायची. श्वास ओढला की निसटून टक्कन वाद्यावर आपटायची.

"ड्रमवाल्याला सुट्टी देऊ या का?" तालमीत पियानोवाला म्हणाला. हे हसले नाहीत.

दंतवैद्यांनी चिकटवायची पेस्ट दिली. तीही टिकेना.

"हिरड्यांना तीन महिने द्या, आजोबा."

"माझ्याकडे तीन दिवस आहेत, बाळा."

बिनदातांचं वाजवून बघा, असं म्हणायला माझी जीभ रेटेना. हे मोठे टापटिपीचे. दूधवाल्यालासुद्धा वरचं बटण लावून दार उघडणार. दात काढायचे ते बाथरूमची कडी लावून. ते बोळकं मलाही कधी दाखवलं नव्हतं.

शुक्रवारी सकाळी मी जपाला बसले होते. हे येऊन म्हणाले, "हॉलवाल्यांना फोन कर. दुसरा कुणी बघा म्हणावं."

जप चालू असताना मी बोलत नाही, हे त्यांना ठाऊक. मी नुसती मान हलवली. खोटं कशाला बोलू, त्या दिवशी एक माळ जास्तच ओढली.

तेवढ्यात बाथरूममधून सूर आले. लांब, सलग, मध्ये टक् नाही.

उठून दाराशी गेले. "अहो, करू का फोन?"

आतून बोबडा आवाज आला, "लोकांना दिसेल गं."

"वाजवताना दोन्ही हात तोंडाशीच असतात की तुमचे."

"आणि नंतर?"

"नंतरचं देव बघेल," म्हटलं.

शनिवारी पडद्यामागे त्यांनी रुमालात गुंडाळून कवळी माझ्या हातात दिली, माझ्याकडे न बघता. पहिली धून संपली, टाळ्या थांबेनात. पुढच्या धुनेचं नाव त्यांनी माइकवर सांगितलं. एक अक्षर धड कळेल तर शपथ! लोक हसले. हेही हसले, तोंड उघडं टाकून, आणि तेच नाव पुन्हा एकदा, सावकाश सांगितलं.