पेन्सिलीच्या खुणा

निकाल फुटला आणि संशय माझ्यावर आला. यात नवल नव्हतं. साहेबांनी निकाल सांगितला तो चेंबरचं दार लावून, मी उतरवून घेतला तो लघुलेखनात, आणि मी टाइप करायला घ्यायच्या आत प्रतिवादी भावानं बहिणीला मिळणार असलेलं घर परस्पर विकून टाकलं. तोवर तो निकाल दोनच ठिकाणी होता, साहेबांच्या डोक्यात आणि माझ्या वहीत.

"वही कुणाच्या हाती लागली होती?" साहेबांनी विचारलं. चेंबरमध्ये आम्ही तिघंच होतो. साहेब, मी आणि मामा.

मामा म्हणजे माझ्या आईचे सख्खे भाऊ आणि या कोर्टातले सगळ्यात जुने लघुलेखक. मला लघुलेखन त्यांनीच शिकवलं. पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "ऐकलेलं वहीत जाईल, बाहेर जाणार नाही. नवऱ्यालासुद्धा सांगायचं नाही." मी ते इतकं पाळलं की नवरा बिचारा माझ्या कामाबद्दल विचारायचंच विसरून गेलाय.

"कुणाच्याच नाही," मी म्हणाले. "कपाटाला कुलूप होतं."

हे अर्धंच खरं होतं. निकाल उतरवून घेतला त्याच दुपारी दाढेनं जीव नकोसा केला, तेव्हा डॉक्टरकडे जाताना किल्ली मी मामांकडे ठेवली होती. किल्ली कुणालाही द्यायची नाही असा नियम आहे. पण मामा म्हणजे काय परके का? त्यांना या भानगडीत ओढायला माझी जीभ रेटेना.

मामाच बोलले. "साहेब, भाची आहे म्हणून मी पाठीशी घालणार नाही. वही तिची, किल्ली तिच्याकडे. आणि तिच्या त्या रेघोट्या मलासुद्धा लागत नाहीत."

लागत नाहीत? सहा वर्षं रोज संध्याकाळी माझी सरावाची पानं तपासणाऱ्या माणसाला? मला रागापेक्षा रडूच जास्त येत होतं.

"उद्यापासून कामावर येऊ नका. चौकशी होईल," साहेब म्हणाले. "वही इथे ठेवा."

देण्याआधी मी निकालाची पानं एकदा चाळली. पहिल्या पानाच्या तळाशी, कोपऱ्यात, पेन्सिलीची बारीक तिरकी खूण होती. दुसऱ्यावरही. तिसऱ्यावरही. मी पेन्सिल वापरतच नाही.

पान वाचून झालं की मामा अशी खूण करतात. शिकवताना लागलेली सवय ती. वर्तमानपत्र वाचतानाही हात कोपऱ्याकडे जातो, मामी हसते. एक खूण म्हणजे पान ठीक. दोन म्हणजे एकही चूक नाही. त्या दोन खुणांसाठी मी सहा वर्षं मर मर मेले, मामांनी कधी दिल्या नाहीत.

मी साहेबांना किल्लीचं सगळं सांगितलं. माझी चूक कबूल केली, एका खुणेचा अर्थ सांगितला आणि वही उघडी करून पुढे ठेवली. मामांचा हात आपसूक खिशाला लावलेल्या पेन्सिलीवर गेला.

साहेब एकेक पान उलटत शेवटच्या पानाशी आले. घर बहिणीला द्यावं हा आदेश तिथेच होता.

"इथे दोन आहेत," ते मामांकडे बघत म्हणाले.

मी वाकून पाहिलं. खरंच दोन होत्या. दोन खुणांचा अर्थ मलाच सांगावा लागला.

"एकही चूक नाही म्हणून, साहेब."