लेकीपासून बावन्न मैल

नववं घर बघून झालं तेव्हा मार्लिस टॉलफसनच्या सँडलचा तळ उन्हाने मऊ पडला होता. तिच्या नवऱ्याचा उत्साह मात्र तसूभरही कमी झाला नव्हता. हारलनने मिनेसोटात चौतीस वर्षं सरकारी गाडीने रस्त्यावरचा बर्फ बाजूला काढला होता आणि घर पारखायची त्याला एकच तऱ्हा ठाऊक होती. गाडी थांबली की उतरायचं, गॅरेजपुढच्या उतारावर जाऊन उभं राहायचं आणि आभाळाकडे बघून विचारायचं, "दुपारचं ऊन इथे पडतं का?"

"पडतं की," ओफेलिया बुस्तामांते म्हणाली. घरं दाखवणारी एजंट ती, जन्माने फिनिक्सची, उंच टाचा घालून तापल्या डांबरावर खुशाल चालणारी. "एक वाजल्यापासून सात वाजेपर्यंत, सरळ दारावर. म्हणून तर हे घर चार महिने पडून आहे."

"झकास! म्हणजे बर्फ आपोआप वितळेल."

ओफेलियाने काळा चष्मा कपाळावर चढवला. तिच्या गाडीत तापमान एकशे पंधरा फॅरनहाइट दिसत होतं. "मिस्टर टॉलफसन, कुठला बर्फ?"

हारलन ओशाळला. "सवय हो. जाता जात नाही."

जुलैत यायची कल्पनाही त्याचीच. फेब्रुवारीत फिनिक्स कोणालाही आवडतं, त्यात काय मोठंसं. घर घ्यायचं ते त्याच्या सगळ्यात वाईट महिन्यात बघूनच घ्यावं, हे त्याचं तत्त्व. तत्त्व चांगलंच आहे. पाळणाऱ्याचा जीव जातो, तेवढंच.

यायचं कारण मार्लिसचं मनगट. दोन हिवाळ्यांत दोनदा ती घरासमोरच्या बर्फावर घसरली, दोन्ही वेळा तेच मनगट मोडलं, आणि डॉक्टरने सांगितलं की आता तिसऱ्यांदा माझ्याकडे येऊ नका. मिनेसोटातलं, बेमिजी गावचं घर विकलं. ऑगस्टअखेर ते रिकामं करून द्यायचं होतं. इथपर्यंत सगळं रीतसर झालं. पण त्यांची एकुलती एक लेक ब्रिटा राहायची गिल्बर्टला, म्हणजे शहराच्या पूर्वेला, आणि ही दोघं घर शोधत होती बकआयच्या बाजूला, पार पश्चिमेला. मधे बावन्न मैल आणि अख्खं फिनिक्स. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी!

आणि मार्लिसला तर एवढंच हवं होतं, की लेकीजवळ राहावं. घर कसलंही चालेल. सकाळी उठून नातीची वेणी घालता येईल, नर्सची रात्रपाळी करून आलेल्या लेकीपुढे गरम काहीतरी ठेवता येईल, एवढं जवळ. मग बोलायचं ना तसं! पण छे. बोलेल तर ती मिनेसोटाची कसली.

या लोकांची रीत सांगते, म्हणजे कळेल. चर्चच्या तळघरात कॉफीबरोबर लिंबाच्या वड्या ठेवतात. शेवटची वडी उरली की तिला कोणी हात लावत नाही. एकजण येतो, निम्मी कापून नेतो. दुसरा येतो, उरलेल्याची निम्मी. शेवटी ताटलीत चिमणीच्या चोचीएवढा तुकडा राहतो आणि तिकडे सगळे पाठ करून उभे राहतात. कोणी काही देऊ केलं तर पहिल्यांदा म्हणायचं, "नको, नको." दुसऱ्यांदा, "उगाच तुम्हाला त्रास." तिसऱ्यांदा, "बरं, आता तुम्ही म्हणताच आहात तर." आणि मग घ्यायचं. एकदाच विचारलं तर ते तोंडदेखलं, हे तिथे शेंबड्या पोरालाही कळतं.

ईस्टरला ब्रिटाचा फोन आला होता. "मॉम, माझ्यापासून तिसरं घर विकायला निघालंय, केसलर लोकांचं. तुम्ही घ्या ना ते."

मार्लिसच्या छातीत असं काही धडधडलं की तिने फोन दुसऱ्या कानाला लावला. आणि म्हणाली काय? "छे गं, नको. तुझ्या पायात आमची लुडबुड कशाला!"

आता लेकीने म्हणायला हवं होतं, "लुडबुड कसली?" मार्लिसने दुसरं वाक्य तोंडात तयार ठेवलं होतं, तिसरंही. पण ब्रिटाला इकडे ॲरिझोनात चौदा वर्षं झाली होती. ती "ठीक आहे, तू म्हणशील तसं," म्हणाली आणि नातीच्या पडलेल्या दातावर घसरली.

"एकदाच विचारलं?" हारलनने विचारलं होतं.

"एकदाच."

"मग संपलं," तो जड आवाजात म्हणाला. "मनातून नाहीये तिच्या. आपण लांबच बघू, म्हणजे पोरीला अवघडायला नको." त्यानंतर या विषयावर घरात अळीमिळी गुपचिळी. भीड भिकेची बहीण म्हणतात, ती या दोघांच्या घरी पाय पसरून राहायलाच आली होती.

दहावं घर होतं कॉपर व्हिस्टामध्ये. पंचावन्नच्या पुढच्या लोकांचीच वसाहत. गोल्फचं मैदान, तीन तरणतलाव, घराघरासमोर एकाच मापाची खडी आणि एकाच जातीचं निवडुंग. हारलन खूश झाला. ऑफिसातल्या बाईने नियमांची जाडजूड वही पुढे केली. कचऱ्याचा डबा रस्त्यावरून किती वाजता आत न्यायचा, दाराला कोणते चार रंग चालतात, आणि पान अकरावर, लहान मुलं.

"नातवंडांना मुक्कामाला परवानगी आहे हं," बाई गोड हसून म्हणाली. "वर्षातून एकवीस दिवस. आधी फॉर्म भरायचा फक्त."

"एकवीस," मार्लिस म्हणाली.

"सलग नकोत."

"वेगळंच आहे अगदी," मार्लिस म्हणाली. मिनेसोटात याहून जहाल शिवी नाही. बाईला ती कौतुकासारखी वाटली.

हारलनला शिवी कळली, पण वेगळ्या गावाला लागली. त्याला वाटलं, हिला दाराचे रंग आवडले नाहीत. "उद्या सकाळी दहाला सही करू," तो म्हणाला आणि दोघं उन्हात बाहेर पडली. गाडी सावलीत हवी म्हणून ओफेलियाने ती दूर कोपऱ्यातल्या एकुलत्या एक झाडाखाली लावली होती. शंभरएक पावलं असतील. मार्लिस साठ चालली. मग तिला निवडुंग दोन-दोन दिसायला लागले आणि गुडघे तिच्याशी न बोलताच खाली बसायला निघाले.

"अगं ए! मार्लिस!" हारलन ओरडला. चाळीस वर्षांत तो एवढ्या मोठ्याने बोलला नव्हता.

ओफेलियाने तिला वरच्यावर धरलं, दोघांनी मिळून गाडीत बसवलं, थंड हवेचा झोत तोंडावर सोडला. मग ओफेलियाने मागच्या बर्फाच्या पेटीतून पाण्याची बाटली काढली. विचारलंबिचारलं काही नाही, सरळ ओठांना लावली. मार्लिस दोन बाटल्या घटाघटा प्याली. तिसरी हारलनने संपवली.

"देवा रे! सकाळी मी पाणी दिलं तेव्हा नको का म्हणालात?" ओफेलिया म्हणाली.

"तुम्ही एकदाच विचारलंत ना," मार्लिस म्हणाली. आवाज क्षीण, पण सूर असा, की चूक ओफेलियाचीच.

"म्हणजे? किती वेळा विचारायचं असतं?"

"तीनदा," हारलनने समजावलं. "एकदा म्हणजे रीत. दोनदा म्हणजे बघू. तीनदा म्हणजे खरं."

"एकशे पंधरा डिग्रीत?"

"आमच्याकडे उणे तीसलाही हाच नियम आहे."

ओफेलियाने स्टिअरिंगवर कपाळ टेकवलं आणि चटका बसला तसं उचललं. "थांबा, थांबा. पहिल्या दिवशी मी विचारलं, लेक गिल्बर्टला आहे तर तिकडे बघू या का? तुम्ही म्हणालात नको, लांबच बरं. तेही असलंच का?"

ओफेलियाने मागच्या सीटकडे वळून पाहिलं तर मार्लिस रडत होती. आवाज न करता, मांडीवरची पर्स घट्ट धरून, चर्चमध्ये बसल्यासारखी नीट बसून रडत होती.

"तिने एकदाच विचारलं," ती म्हणाली. "आम्ही तिला नको आहोत." ईस्टरपासून हे वाक्य तिने आत दाबून धरलं होतं. आता बाहेर पडलं तेव्हा तिचं तिलाच कसंसं झालं.

हारलन खिडकीबाहेर बघू लागला. "मलाही तिथेच जायचं होतं," तो काचेला म्हणाला.

"आँ?" मार्लिसने पर्स सोडली. "मग लांब बघू असं कोण म्हणालं?"

"तुला वाईट वाटू नये म्हणून म्हणालो मी."

"धन्य आहे बाबा तुमची!" ओफेलिया कडाडली. "माझी आई एका रविवारी दोन बॅगा आणि पोपट घेऊन आली. म्हणाली, मधली खोली माझी. अकरा वर्षं झाली. रोज भांडतो आम्ही. पोपटसुद्धा भांडतो. पण आमच्या घरात तहानेने कोणी पडत नाही!" तिने गाडी सुरू केली आणि पूर्वेला वळवली.

"उद्या सही आहे पण," हारलन म्हणाला.

"सही गेली खड्ड्यात. पट्टा लावा."

बावन्न मैल मार्लिस मनातल्या मनात वाक्यं जुळवत होती. "आम्ही असा विचार करत होतो, की कदाचित..." नको. "तुझी काही हरकत नसेल तर एखादवेळेस..." हेही नको. बोलायचं काय ते तिला चांगलं ठाऊक होतं, पण त्या वाक्याला पुढे-मागे काही आडोसाच नव्हता. आणि लेक नाही म्हणाली तर? अंदाजाने दुखणं वेगळं, तोंडावर ऐकणं वेगळं. अर्ध्याहून जास्त वाट सरल्यावर, टेम्पीजवळ, तिला खरंच वाटलं, की परत फिरा म्हणावं.

ब्रिटाने दार उघडलं ते हॉस्पिटलच्या पायजम्यात, केस ओले, डोळे झोपेने जड. "मॉम? डॅड? काय झालं?"

"काही नाही गं," मार्लिस म्हणाली. "गरम आहे, नाही?"

"जुलै आहे, मॉम."

"हवा कोरडी आहे पण," हारलनने भर घातली.

"हो, कोरडी आहे."

"रस्ताही मोकळा होता. आम्ही त्या मोठ्या वळणावरून आलो, ते दुसरं नाही."

"बरं केलंत."

तिघं दारात उभी. आतली थंड हवा बाहेर आणि बाहेरची आग आत. अजून दहा मिनिटं ती अशीच उभी राहून हवेबद्दल बोलली असती आणि मग "बरं, निघतो तर" म्हणून निघाली असती, यात मला तिळमात्र शंका नाही. तेवढ्यात रस्त्यावरून ओफेलियाने हॉर्न दाबला, आणि दाबूनच धरला.

"मला तुझ्याजवळ राहायचंय!" मार्लिस हॉर्नच्या वरताण ओरडली.

हॉर्न थांबला. मार्लिसला वाटलं, आपण भर रस्त्यात परकरावर उभ्या आहोत. ब्रिटाचा चेहरा आधी पांढरा झाला, मग लाल.

"मग ईस्टरला नको का म्हणालीस?"

"तू परत विचारलंच नाहीस!"

"तू नको म्हणालीस, मॉम! नको! केसलरबाईंच्या हातापाया पडून मी ते घर दोन आठवडे धरून ठेवायला लावलं होतं. माहितेय? तुझा फोन ठेवला आणि गॅरेजमध्ये गाडीत बसून रडले. म्हटलं, एवढं सगळं विकून येतायत, पण माझ्याजवळ नको आहे त्यांना."

"असं कसं वाटलं तुला?"

"तुला कसं वाटलं?"

दोघी भांडत होत्या. टॉलफसनांच्या घरात भांडण! हारलन बावरून पायपुसण्याकडे बघत राहिला. त्याला वाटलं आपण मधे पडावं, पण कोणी तसं सांगितलं नव्हतं. मग त्याच्या लक्षात आलं, की भांडता भांडता मायलेकींनी एकमेकींचे हात धरले आहेत आणि बायकोचं मोडकं मनगट लेकीने अलगद, नर्स धरते तसं खालून धरलंय. त्याने नाक पुसलं आणि हवा कोरडी असल्याचं पुन्हा एकदा सांगितलं.

"केसलरांचं घर गेलं, मॉम," ब्रिटा म्हणाली. "जूनमध्येच गेलं."

मार्लिसने मान हलवली.

"मागच्या गल्लीत एक आहे," ब्रिटा हळूच म्हणाली. "पण तुम्हाला नाही आवडायचं. गुलाबी आहे. भडक गुलाबी. स्वयंपाकघर एवढंसं, आणि शेजारचा म्हातारा रोज संध्याकाळी ट्रॉम्बोन शिकतो, सहा वर्षं झाली, अजून येत नाही त्याला. मी काही आग्रह करत नाही, पण तुमची तयारी असेल तर ते घर तुम्ही..."

"हो," मार्लिस म्हणाली.

"मॉम, मी अजून विचारलं नाहीये."

"मग विचार की लवकर! सदुसष्टावं लागलंय मला."