सही न करणारा पाहुणा

या माउली, जरा सरकून जवळ बसा. कीर्तनाला उभं राहणाऱ्या बुवांचा फेटा बांधून व्हायचा आहे अजून, तोवर सुलतानपूरच्या उकंडरावाच्या रागाची गोष्ट सांगतो.

महाराष्ट्र राज्य होऊन सोळा वर्षं झाली होती. उकंडराव म्हणजे कीर्तनात पहिल्या रांगेत टाळ धरणारा माणूस. पण त्या जूनपासून तो मागं, खांबाआड उभा राहू लागला. पोरगी शालू मॅट्रिकला नापास झाली होती, गणितात, आणि गुण शून्य शून्य. "माही सगळी गणितं बरोबर होती, बाबा," असं ती पारापाशी म्हणाली, तर त्यानं चारचौघांत तिच्या मुस्कटात दिली. "सरकारी कागद खोटा अन् तू खरी काय?" पुस्तकं वाण्याला पुड्यांसाठी देऊन टाकली आणि स्थळं पाहायला लागला.

अशात एके दुपारी पांढऱ्या सदऱ्यातला एक तरुण एस.टी.तून उतरला आणि शालूचं नाव घेऊन घर विचारू लागला. गावानं काय समजायचं ते समजलं. तो दारात पोचायच्या आत शालूच्या आईनं, तानाबाईनं, सतरंजी अंथरली, पोहे भिजवले, पोरीला नवं पातळ नेसवलं.

पाहुण्यानं बसण्याआधी खाट हलवून पाहिली. एक पाय डुगडुगत होता. त्याखाली खापरीचा तुकडा सारला, पुन्हा हलवली, मग बसला.

"खोड काढनारा दिसते," शेजारच्या मनकर्णाबाई पदराआडून म्हणाल्या. "पोरीचं काही खरं नाही."

"नाव काय पाव्हणे?" उकंडरावानं विचारलं.

"निवृत्ती. मूळचा अमडापूरचा. नोकरी मुंबईले."

"काम?"

"चुका काढतो."

उकंडराव हसला. "ते तं माही बायको बी करते."

"परीक्षेचे निकाल आता यंत्रावर लागतात, काका. यंत्रानं काय करायचं ते कोणीतरी लिहून देते. ते बरोबर चालते का, हे मी वाकडं-तिकडं देऊन पाहतो. मंगच सही करतो."

शालू पोह्यांची ताटली घेऊन आली. त्यानं पिशवीतून कागद काढला. "गणितात शून्य शून्य पडलेली तूच ना, ताई?"

ताई म्हटल्याबरोबर तानाबाईचा चेहरा उतरला. उकंडरावाच्या तर डोक्यात तिडीकच गेली. "घरात येऊन अब्रू काढतं का बे? ऊठ."

"उठतो. पन ऐकून घ्या. यंत्रात गुणांसाठी दोनच आकड्यांची घरं ठेवली होती. शंभर गुण दिले की पुढचा एक बाहेर पडे अन् शून्य शून्य उरे. मी शंभर देऊन पाहिले होते."

चुलीवर चहा उतू गेला.

"निकालाच्या आधी पाह्यलं?" उकंडरावाचा आवाज खाली आला, तो जास्त वाईट होता. "माहीत होतं, तं बोंब काऊन नाही मारली?"

"मारली. साहेब म्हणे, गणितात शंभर कोणाले पडतात, हजारात एखादा. चालते, पुढच्या सालाले पाहू. मी सही केली नाही. दुसऱ्यानं केली." निवृत्तीनं पोह्यांची ताटली बाजूला सारली. "बोंब मी साहेबाच्या खोलीत मारली, काका. रस्त्यावर माराले पाहिजे होती. तेवढी चूक माही. मंग त्या हजारातल्या एकाचं नाव काय, हे पाह्यलं. अकरा नावं निघाली. रजा टाकून घरोघर फिरून राह्यलो. हे दहावं घर."

त्यानं फेरतपासणीचा अर्ज पुढं ठेवला. मुदत दुसऱ्या दिवशी संपत होती. बापाची सही नसेल तर शालूचं कॉलेज बुडालं, आणि शून्य जन्मभर कपाळावर.

उकंडरावाला त्या साहेबाला बुकलावंसं वाटलं. पण साहेब मुंबईला, आणि चापट मारलेला हात इथं, मांडीवर. साहेबानं निदान शालूला पाहिलं नव्हतं. आपण दहा वर्षं तिला कंदिलाशी पाढे घोकताना पाहिलं, अन् एका कागदावर इमान ठेवलं. शब्दच खरा धरायचा होता तर पोरीचा का नाही धरला? त्यानं पेन ओढून घेतलं.

"थांबा," शालू म्हणाली. तिच्या आवाजात माया नव्हती. "आधी वाचा, बाबा. मंग सही करा."

त्यानं वाचलं. सगळ्यांसमोर, मोठ्यानं, बोट ठेवून, ओळ न् ओळ. मग सही केली, आणि त्याच तोंडानं पारावर जाऊन सांगून आला की आपण पोरीला नाहक मारलं.

तोवर पाहुणा अर्ज घेऊन अकराव्या घराकडं निघाला होता. पोहेही खाल्ले नाहीत. दीड महिन्यानं कागद आला : शंभर. शालू कॉलेजला चिखलीला गेली. बापाशी मात्र दिवाळीपर्यंत बोलली नाही, आणि तेही बरोबरच होतं.

एवढं ऐकलंत, तर एक मागणं आहे. कामात कुठं तोंडावर "चालते" आलं, की खाटेखाली खापरी सारणाऱ्या त्या निवृत्तीची आठवण ठेवा.