मी आवरलेलं घर

एकतीस वर्षं मी एका मोठ्या हॉटेलात खोल्या तपासायचं काम केलं. पाहुणा खोली सोडून गेला की आधी सफाईवाल्या बायका आत जायच्या आणि त्यांच्यामागून मी. चादरीवरचा डाग कशाचा आहे हे मी दारातूनच सांगायचे. चहाचा, शाईचा, केसांच्या रंगाचा. टॉवेलने बूट पुसणारा माणूस मला टॉवेलवरून कळायचा. गरम इस्त्री गालिच्यावर ठेवून फोनवर गप्पा मारणारी बाईही कळायची. माणसं स्वतःच्या घरी जे कधी करणार नाहीत ते दुसऱ्याच्या घरी बिनदिक्कत करतात, हे माझं ठाम मत होतं आणि ते आजही बदललेलं नाही. फक्त त्यात एक भर पडली आहे, ती सांगते.

मी निवृत्त झाले तेव्हा मुलीने आम्हा दोघांना आठवडाभर तळ्याकाठच्या एका घरात पाठवलं. "आई, तिथं तू पाहुणी आहेस. नुसतं बसायचं," असं तिने तीनतीनदा बजावलं. घर एका म्हाताऱ्या घड्याळजींचं होतं. दुकान बंद केल्यावर ते दहा मिनिटांवर बहिणीकडे राहायला गेले होते आणि हे घर सुट्टीवर येणाऱ्यांना द्यायचे. झोपायच्या खोल्या दोन, त्या दोन कुटुंबांना. स्वयंपाकघर, बैठकीची खोली आणि न्हाणीघर दोघांत मिळून.

आम्ही सकाळी पोचलो. दुसरं कुटुंब संध्याकाळी यायचं होतं. यांनी खुर्ची ओढली, पाय लांब केले आणि वर्तमानपत्र उघडलं. मी पिशवी ठेवली आणि घर बघितलं. घर स्वच्छ होतं, मी खोटं बोलणार नाही. पण जिकडेतिकडे काहीबाही खुपसलेलं होतं. खिडकीच्या फटीत पुठ्ठ्याची घडी. भांड्यांच्या कपाटाच्या पायाखाली लाकडाची ढलपी. भिंतीवरच्या लंबकाच्या घड्याळामागे बुचाचा तुकडा. ड्रॉवरमध्ये आगकाडीचे अर्धे तुकडे, नळाला दोरा, पंख्याच्या बटणाखाली कागदाची सुरळी.

"बघितलंत?" मी म्हटलं. "आधीच्या पाहुण्यांचे प्रताप. जिथं बसले तिथं कचरा खुपसला."

"अगं, बस की जरा," हे वर्तमानपत्रामागून म्हणाले.

"बसते. एवढं आवरते."

दोन तासांत मी सगळं घर निपटून काढलं. हॉटेलात आमचा एक नियम होता, खोलीत सापडलेली वस्तू लगेच टाकायची नाही. बटण असलं तरी तीन महिने जपून ठेवायचं. सवय हाडात मुरलेली. म्हणून मी ते सगळे तुकडे एका पिशवीत भरले, वर तारीख लिहिली आणि ओट्याखालच्या खणात ठेवले. मग बसले. फार छान वाटत होतं.

संध्याकाळी दुसरं कुटुंब आलं. बाप शाळेच्या वाचनालयात होता. इतका नम्र की दाराला धडकला तर दाराची माफी मागेल. आई हसरी आणि दमलेली. तीन वर्षांचा गोळू, आणि आठ वर्षांची एक मुलगी जिला सगळे भिंगरी म्हणायचे. नाव कुणी ठेवलं माहीत नाही, पण विचार करून ठेवलं होतं. आल्याआल्या तिने बैठकीच्या खोलीला चार फेऱ्या मारल्या आणि माझ्यासमोर येऊन थांबली.

"आजी, तळ्यात मासे आहेत का?"

"आजी नाही. काकू म्हणायचं," तिची आई घाईघाईने म्हणाली. मला अजून नातवंडं नाहीत हे तिने माझ्या चेहऱ्यावरून ओळखलं असावं.

भिंगरीने दोन्हीचा मान राखला. "काकूआजी, मासे आहेत का?"

मी "असतील" म्हटलं आणि मनात म्हटलं, या घराचं आता काही खरं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही टोस्ट खात होतो. वारा सुटला, बैठकीतली खिडकी धाडकन आपटली आणि काचेला या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत तडा गेला. खिडकीपाशी कोण होतं? भिंगरी. मी तिच्याकडे बघितलं. काही बोलले नाही, फक्त बघितलं. माझं बघणं काय असतं ते सफाईवाल्या बायकांना विचारा.

"अरेरे, सॉरी हं काकू," बाप म्हणाला. त्याला विचारलंही नव्हतं कुणी.

मी एक चिठ्ठी लिहिली आणि खिडकीला चिकटवली. 'कृपया खिडक्या आपटू नयेत.'

तिसऱ्या दिवशी दुपारी भिंगरी आणि गोळू शिवाशिवी खेळत होते. कपाटासमोरून दोघं धावत गेले, कपाटाची दारं आपोआप उघडली आणि वरच्या फळीवरच्या ताटल्या एकामागोमाग एक खाली आल्या. सहातल्या चार फुटल्या. बिचारी आई हातात झाडू घेऊन रडकुंडीला आली. बापाने पाच वेळा सॉरी म्हटलं, त्यातलं एक कपाटाकडे बघून. मी दुसरी चिठ्ठी लावली. 'कपाटाजवळ पळू नये.'

"अजून एक लाव," हे म्हणाले. "'कृपया श्वास हळू घ्यावा.'"

"तुम्हाला थट्टा सुचतेय. परक्या माणसाचं घर आहे हे. त्याने विश्वासाने दिलंय. उद्या तो आला तर काय तोंड दाखवायचं?"

"तू कुठं काय केलंयस? तुला काय तोंडाची काळजी?"

"मी नाही केलं म्हणून काय झालं? पाहुणे म्हटले की सगळेच आले. एकाने करायचं आणि दुसऱ्याचं नाव जायचं."

माझा राग खरा होता. इतकी वर्षं मी अशाच फुटलेल्या वस्तू गोळा केल्या होत्या आणि दर वेळी मला वाटायचं, एकदा तरी नासधूस करणारा माणूस समोर सापडावा.

चौथ्या दिवशी तो सापडला. म्हणजे मला तसं वाटलं. दुपारी चहाला उठून मी बैठकीत आले तर घड्याळ बंद. लंबक सरळ खाली लोंबत होता. आणि घड्याळाखाली खुर्ची, खुर्चीवर भिंगरी, आणि भिंगरीचं बोट लंबकापासून चार बोटांवर.

"काय करतेस?" मी इतक्या जोरात विचारलं की ती खुर्चीवरून पडता पडता वाचली.

"टिकटिक थांबली म्हणून बघत होते."

"तू हात लावलास म्हणून थांबली."

"मी नाही लावला."

"खिडकी तू नाही, ताटल्या तू नाही, घड्याळ तू नाही. मग कोण, भूत?"

गोंगाट ऐकून सगळे जमले. भिंगरी तीनदा म्हणाली, "मी नाही केलं." तिसऱ्यांदा आवाज चिरका झाला. तिच्या बापाचा चेहरा उतरला. मऊ माणूस होता तो, पण तीन दिवस माफी मागून त्यालाही आता लाज वाटायला लागली होती. त्याने तिला घड्याळाखाली उभं केलं. "काकूंना सॉरी म्हण."

"पण बाबा..."

"मोठ्याने म्हण."

तिने हात मागे घेतले आणि मोठ्याने म्हटलं, "सॉरी." मग खोलीत गेली आणि तिथून बाहेरच आली नाही. जेवायलाही नाही. घर चांगलं शांत झालं. मी माझं कर्तव्य केलं होतं, तरी चहा कडू लागला. यांनी वर्तमानपत्राचं एकही पान उलटलं नाही.

पुढचं कर्तव्यही मीच केलं. घरमालकांना फोन लावला, नुकसानीची सगळी हकिगत सांगितली आणि या म्हटलं. पाचव्या दिवशी सकाळी घड्याळवाले आजोबा सायकलवरून आले. बारीक अंगाचा, हळू बोलणारा माणूस. त्यांनी काच बघितली, उरलेल्या दोन ताटल्या बघितल्या. मग घड्याळापाशी गेले, खालच्या कडेला मागे बोट घातलं आणि चाचपडले.

"इथं बुचाचा एक तुकडा होता," ते म्हणाले. "भिंत बाहेर आलीय ना इथं. तो नसला की घड्याळ दोनतीन दिवसांत हळूहळू सरकून तिरकं होतं. तिरकं झालं की चालत नाही."

मग ते कपाटाशी वाकले. "इथं ढलपी होती. जमीन उतरती आहे. ती नसली की कपाट पुढं झुकतं आणि दारं उघडतात. आणि खिडकीत पुठ्ठा होता, वाऱ्याला धरायला." ते उठले आणि मुलांकडे बघून हसले. "कुणी खेळायला घेतल्या का रे माझ्या पाचरी? घेतल्या असतील तर काही नाही, फक्त परत द्या. चाळीस वर्षं लागली मला एकेक बसवायला."

मला ओट्याखालची पिशवी आठवली.

"भिंगरे," बाप म्हणाला, "कुठं टाकलेस ते तुकडे?"

भिंगरी आईच्या मागे उभी होती. या वेळी ती 'मी नाही' म्हणाली नाही. नुसतीच मान खाली घातली आणि डोळ्यांतून पाणी टपटप पडायला लागलं. आपलं कुणी ऐकत नाही हे तिला एका दिवसात कळलं होतं, आणि ते मी शिकवलं होतं.

पिशवीचं एका माणसाला माहीत होतं. मी यांच्याकडे बघितलं. यांनी माझ्याकडे बघितलं, चष्मा काढला, पुसला आणि परत घातला. एक अक्षर बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं, मला भांडता तरी आलं असतं.

खरं सांगते, मोह झाला. खण उघडायचा, पिशवी पदराआड घ्यायची, फिरायला म्हणून तळ्यावर जायचं. दोन दिवसांनी आम्ही आमच्या गावाला, ते त्यांच्या. पुन्हा कोण कुणाला भेटतंय? मुलीनेच केलं असं सगळ्यांनी मानलंच होतं, तिच्या सख्ख्या बापानेसुद्धा. मला फक्त गप्प बसायचं होतं. आणि एकतीस वर्षांचं माझं नाव तसंच राहिलं असतं.

चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच. आणि संन्यासी आठ वर्षांची होती.

मी खण उघडला, पिशवी आणली आणि टेबलावर ठेवली. वर माझ्याच सुवाच्य अक्षरात तारीख.

"मी काढल्या," मी म्हटलं. "सगळ्या. आल्याआल्या. मला वाटलं, कचरा आहे."

भिंगरीच्या बापाने तोंड उघडलं. सवयीने सॉरीच येणार होतं, पण या वेळी त्याने ते गिळलं, आणि मला ते बरं वाटलं.

आजोबांनी पिशवी टेबलावर पालथी केली. एकेक तुकडा उचलून ते ओळख पटवायला लागले. "ही कपाटाची. हा घड्याळाचा. ही पंख्याची, नाहीतर तो गुरगुरतो. हा नळाचा दोरा." चुरगळलेल्या एका चॉकलेटच्या कागदाशी ते थांबले, उजेडात धरून बघितला, उलटा केला. "हा कशाचा बरं?" बराच विचार करून त्यांनी तो बाजूला ठेवला. "हा मात्र खरंच कचरा आहे."

यांना हसू फुटलं. भिंगरीची आईही हसली. मलाही हसावंसं वाटलं, पण मला अजून तो हक्क नव्हता.

"चूक माझीच," आजोबा म्हणाले. "लिहून ठेवायला हवं होतं."

"तुमची नाही. दुसऱ्याच्या घरातली वस्तू न विचारता हलवायची नाही, हे मी हजार मुलींना शिकवलंय. काच आणि ताटल्या मी भरून देईन." मग मी वळले. "आणि भिंगरे, तू काही केलं नव्हतंस. मला आता कळलं."

भिंगरी आईमागून बाहेर आली. नाक पुसलं.

"पण मी काल सॉरी म्हटलं होतं ना?"

"हो गं."

"ते परत द्या."

"भिंगरे!" बाप म्हणाला. "मोठ्यांशी असं बोलतात का?"

"बोलू दे," मी म्हटलं. "बरोबर मागतेय ती. कसं देऊ, सांग."

तिने विचार केला. अगदी नीट केला. "मी तिथं उभी होते. घड्याळाखाली. हात मागे. आणि सगळे बघत होते."

मी घड्याळाखाली जाऊन उभी राहिले. हात मागे घेतले. चौघं मोठे, एक गोळू आणि ती, सगळे माझ्याकडे बघत होते. इतकी वर्षं मी लोकांना असं उभं केलं होतं, त्या जागेवरून खोली कशी दिसते हे मला माहीतच नव्हतं. खूप मोठी दिसते.

"सॉरी," मी म्हटलं.

"मोठ्याने," भिंगरी म्हणाली.

"सॉरी, भिंगरे! मी तुला विचारलं, पण तुझं ऐकलं नाही."

ती जवळ आली आणि मान वर करून माझा चेहरा निरखायला लागली. "मला काल इथं उभं असताना रडू येत होतं," ती म्हणाली. "तुम्हाला येतंय का?"

"येतंय."

"मग रडा," ती हळूच म्हणाली. "मी कुणाला सांगणार नाही."

आणि सगळे समोर उभे असताना मी रडले.