चांगल्या हाताचा आजार

काचवाला वीस वर्षं आठ-आठ मजल्यांवर चढून खिडक्यांना काचा बसवत आला, कधी साधं खरचटलं नाही. पडला तो घरात. स्टुलावरून, माळ्यावरची बॅग काढताना. उजवं मनगट मोडलं. बायको धावत आली आणि पहिलं काय बोलली, तर "बॅग फाटली नाही ना?"

प्लास्टर निघालं तेव्हा हात उन्हात राहिलेल्या दोरीसारखा दिसत होता. मालकानं एका दमात निकाल दिला, "ऐंशी टक्के बरा झाल्याचा कागद आण, मग काचेला हात लाव. सहा आठवडे जागा धरून ठेवतो. सातव्याला दुसरा माणूस." मोठी काच दोघं मिळून उचलतात. दुसऱ्या टोकाला असायचा त्याचा मेहुणा, बायकोचा धाकटा भाऊ. जोडीदार नाही म्हणून तोही सध्या आरशांना चौकटी मारत बसला होता.

कागद मिळायचा इस्पितळाच्या वरच्या मजल्यावर. मोडलेली मनगटं किती दिवसांत आणि कशानं सुधारतात, याचा तिथे एक मॅडम अभ्यास करत होत्या. त्यात कुणाला नाव नव्हतं, नुसता नंबर. काचवाला एकोणीस.

"या काका, बसा."

"काका कोण? अजून शेहेचाळीस पूर्ण व्हायचेत."

"बरं. एकोणीस, बसा."

टेबलावर सायकलच्या ब्रेकसारखी मूठ असलेलं यंत्र होतं. दाबलं की पकड किती किलोची ते काटा दाखवायचा. आधी डावा हात, मग उजवा. डाव्यानं बेचाळीस दाखवले, उजव्यानं एकोणीस.

"नंबराला जागलात," मॅडम म्हणाल्या आणि पंचेचाळीस टक्के लिहून मोकळ्या झाल्या. वर एक मऊ चेंडू दिला, दिवसातून तीनदा दाबायला.

दुसऱ्या आठवड्यात पन्नास टक्के. काचवाल्यानं विचारलं, "हे टक्के काढता कसे?"

"मोडलेल्या हाताला चांगल्या हातानं भागायचं. तुमचा चांगला हात हेच तुमचं माप. पैलवानाशी तुलना करून काय उपयोग?"

काचवाल्याचे डोळे लकाकले. काच लहान पडली तर धंद्यात दोन उपाय असतात. एक, मोठी काच आणा. दोन, चौकटीला आतून पट्टी मारा. दुसरा स्वस्त.

तिसऱ्या आठवड्यात त्यानं डाव्या हातानं यंत्र जरा लाडानं दाबलं. तोंड मात्र असं वाकडं केलं की बघणाऱ्याला वाटावं, आता मूठच तोडतो. डावा अडतीस, उजवा बावीस. अठ्ठावन्न टक्के! पुढच्या आठवड्यात एकाहत्तर. मग पंच्याहत्तर. घरी तो छाती काढून चालायला लागला. आकडा आपोआप चढतोय तर चेंडू कशाला दाबा? चेंडू डुगडुगणाऱ्या कपाटाच्या पायाखाली गेला. कपाट लगेच बरं झालं.

सहाव्या आठवड्यात डावा तीस, उजवा चोवीस. बरोबर ऐंशी. काचवाल्यानं कागदासाठी हात पुढे केला.

मॅडम कागदाकडे वळल्याच नाहीत. "एकोणीस, तुमचा डावा हात आजारी आहे."

"कोणता?"

"चांगला. बेचाळीस, अडतीस, चौतीस, बत्तीस, तीस. मानेत नस दबत असेल. सुया टोचून तपासावं लागेल. तोवर दोन्ही हातांना काम बंद. मालकांना तसं कळवते."

इकडे आड, तिकडे विहीर. "डावा ठणठणीत आहे हो!"

"मग झटपट पाहू. मी सांगेन तसं दाबायचं, थांबायचं नाही. डावा. उजवा. डावा. उजवा. डावा!"

खोटं बोलायला सवड लागते. कोणत्या हातानं बोलायचं तेच काचवाल्याला तिसऱ्या फेरीनंतर आठवेना. मग डावा एक्केचाळीस, बेचाळीस, पुन्हा बेचाळीस. उजवा आपला चोविसावर.

मॅडमनी पेन खाली ठेवलं. "बरा झाला की! एका मिनिटात."

"कधी कळलं?"

"मागच्या खेपेला जाताना. खालचं गंजकं फाटक चौकीदाराला उघडेना, ते तुम्ही डाव्या हातानं एका हिसक्यात उघडलंत. मी खिडकीत चहा पीत होते. त्याआधी तुमच्या काळजीनं दोन डॉक्टरांना विचारून आले होते."

काचवाला जमिनीकडे बघत म्हणाला, "आकडे खोडून टाका."

"खोडत नाही आम्ही. वगळतो, आणि कारण लिहितो." त्यांनी लिहिलंसुद्धा. एकोणीस : चांगला हात स्वतःच आजारी पाडला. "खरे टक्के सत्तावन्न. त्याचा कागद हवा तर देते."

"मॅडम, जागा जाईल माझी. थोडा भार मेहुणा जास्त घेईल."

"हे धरा. उजव्या हातात. मी सांगेपर्यंत सोडू नका."

त्यानं जीव खाऊन दाबलं. अकरा मोजेपर्यंत काटा जागेवर राहिला, मग आपणच खाली घसरत गेला. त्यानं सोडलेलं नव्हतं.

"काच घेऊन एक जिना चढायला किती वेळ लागतो?"

"अर्धं मिनिट," काचवाला म्हणाला आणि उठला.

खाली मेहुणा स्कूटर चालूच ठेवून उभा होता. "भाऊजी, झाले ऐंशी? सोमवारी पाचव्या मजल्यावरचं मोठं काम आहे."

"सत्तावन्न."

"मागच्या वेळी पंच्याहत्तर होते ना? तुमचा हात उलटा चालतो की काय?"

"ते खोटे होते. मी डावा हात चोरत होतो."

मेहुण्यानं स्कूटर बंद केली. "म्हणजे आज ऐंशीचा कागद मिळाला असता, तर सोमवारी जिन्यात काचेच्या खालच्या टोकाला मी."

"हो."

"ताईला सांगू?"

"तिला मी सांगतो. तू मालकाला सांग."

"तो दुसरा माणूस घेईल. बोलून ठेवलाय त्यानं."

"घेऊ दे." काचवाला मागे बसला. "त्या माणसाला एवढं सांग, तू वळताना बोलत नाहीस, नुसता वळतोस. आणि शिंक आली की दोन्ही हात सोडतोस."

"मी? कधी सोडले?"

"दर वेळी. मी धरून असायचो, म्हणून तुला कळलं नाही."