पाहुणीसाठी गोड केलेली कोशिंबीर

मित्रांनो, नाकाला रुमाल लावू नका. मी एक जुना मातीचा खल आहे आणि माझ्या अंगाला मुरवलेल्या माशांचा वास येतो. तीस वर्षांत तो माझ्या अंगात भिनला आहे, आता धुऊन जायचा नाही.

कुंभाराने मला उंच आणि निमुळत्या आकारात घडवले. खामपुन मावशीने मला उदोन शहराच्या बस स्थानकाबाहेर चिंचेखाली मांडले. तेव्हापासून माझ्यात कच्च्या पपईची कोशिंबीर कुटली जाते. लसूण, मिरच्या, पपईचा कीस, लिंबू आणि वरून मुरवलेल्या माशांचे पाणी. मिरच्या किती ते गिऱ्हाईक सांगते. मावशी चमच्यावर थोडे चाखायला देते, "आंबट हवं का अजून?" विचारते आणि मगच ताटली भरते. लोक वाट वाकडी करून यायचे. मला फार अभिमान वाटे.

पण परक्यांपुढे मावशीला माशांच्या बरणीची लाज वाटे. राजधानीतले लोक त्या वासावरूनच आम्हाला गावंढळ म्हणतात ना!

गेल्या हिवाळ्यात एक तरुणी आली. भुरे केस, पाठीवर बोचके, भाषा मोडकीतोडकी. म्हणाली, "मावशी, तुम्ही खाता तशीच द्या."

मावशीने बरणी पायानेच मेजाखाली सारली. शेजारी सायकलरिक्षावाला थोंगसा बसला होता. तो हसला. "दे की, एवढी मागतेय तर!"

"गप रे! नाक धरून पळेल ती. पाहुणी आहे, जरा बेतानं."

मिरची एकच पडली, साखर दोन चमचे. माशांचे पाणी नाहीच. चाखायलाही दिले नाही. मी आतल्या आत तडफडत होतो, पण खलाचे कोण ऐकणार? मुलीने चार घास खाल्ले, "छान आहे" म्हणाली आणि थोंगसाच्या रिक्षातून रेल्वे स्टेशनवर गेली.

तासाभराने थोंगसा धापा टाकत आला. "खामपुन, ती आपल्या चानपेनची लेक गं! दहा मिरच्यांवाली चानपेन, लग्न करून नॉर्वेला गेली ती. गाडी सुटता सुटता पोरीनं आईचं नाव घेतलं."

"अगं बाई! चानपेन कशी आहे?"

"वारली. चिंचेखालच्या मावशीची चव तिनं लेकीला सांगून ठेवली होती. तीच शोधत आली होती पोर. रडत होती. म्हणाली, आई बहुतेक उगाच रंगवून सांगायची."

 मावशीने दहा मिरच्या माझ्यात टाकल्या, बरणी उघडली आणि इतक्या जोरात कुटले की माझ्या काठाचा टवका उडाला. ती कोशिंबीर कोणीच खाल्ली नाही.

मित्रांनो, भीड भिकेची बहीण म्हणतात ते उगीच नाही. पाहुणा तुमच्या घरचा घास मागेल तेव्हा तो लपवू नका. नाक मुरडायचे की नाही, ते त्याचे त्याला ठरवू द्या. आमच्या लाजेपायी एक मेलेली आई आपल्या लेकीच्या लेखी खोटी ठरली.