तीन कारखाने आणि एक बाटली

मित्रांनो, मला उचलून हलवल्याशिवाय मी भरलेली आहे की रिकामी, हे कोणालाही सांगता येत नाही. मी एक जुनी स्टीलची पाण्याची बाटली आहे. पातळ पत्र्याच्या एका नळीवर दुसरी नळी चढवून, मधली हवा शोषून घेऊन मला घडवले, आणि माणसाला आपला चेहरा दिसेल इतके चकचकीत केले.

माझ्या बाई तेव्हा एका मोठ्या कारखान्यात उत्पादनप्रमुख होत्या. ती पूर्णवेळ नोकरी त्यांनी सोडली, त्या दिवशी सहकाऱ्यांनी मला त्यांच्या हाती दिले. आता तरी निवांत पाणी प्या, असे कोणीतरी म्हणाले आणि सगळे हसले. बाई यापुढे अर्धवेळ काम करणार होत्या. ज्या लहान कारखान्यांना पूर्णवेळ अधिकारी परवडत नाही, त्यांना आठवड्यातले एक-दोन दिवस बाईंचा अनुभव मिळणार होता, आणि बाईंना घरासाठी वेळ मिळणार होता.

सुरुवातीचे दिवस खरोखर चांगले गेले. साबणाच्या कारखान्यात मी टेबलावर ऐटीत उभी राही आणि दुपारपर्यंत रिकामी होई. मग रंगाचा कारखाना आला, त्यामागून खोक्यांचा. तिन्ही मालक भले होते. पण उरलेले दिवस बाई आरामच करतात, असे प्रत्येकाला वाटे. साबणवाले रंगाच्या दिवशी फोन करत, रंगवाले सुट्टीच्या दिवशी. सकाळी भरून निघालेली मी संध्याकाळी तशीच जड परतू लागले. जिन्यावर पडून मला पोचा आला, तोही बाईंच्या ध्यानात आला नाही.

मला रोज धुऊन भरण्याचे काम त्यांच्या कॉलेजात जाणाऱ्या मुलीकडे होते. आपल्या घरीही आई पार्ट टाइमच आहे, असे ती वडिलांना चिडवून सांगे. एकदा मात्र माझ्यातले न प्यायलेले पाणी ओतून देताना ती हसली नाही.

"आई, तीन अर्धे मिळून दीड होतात. तू एकटीच आहेस."

"गणितात बाबांवर गेलीस," बाई म्हणाल्या, आणि तेवढ्यात फोन वाजला.

मित्रांनो, आता सांगते तो प्रसंग आठवला की आजही माझ्यातले पाणी हलते. साबणाच्या आणि रंगाच्या, दोन्ही कारखान्यांत दोन नंबरचा मिक्सर होता. मिक्सर म्हणजे माणूस आत उतरू शकेल एवढी टाकी, आणि तिच्यात फिरणारी पाती. धुतल्यानंतर बाईंच्या होकाराशिवाय तो सुरू करायचा नाही, हा नियम बाईंनीच केला होता.

त्या दिवशी आम्ही रंगाच्या कारखान्यात होतो. तिथला दोन नंबर धुऊन बंद झालेला बाईंनी स्वतः पाहिला होता. साबणाच्या कारखान्यात दुपारी सफाईवाला दोन नंबरच्या टाकीत उतरणार आहे, हेही त्यांना सकाळीच फोनवर कळले होते. दुपारी पाळी बदलली आणि नव्या पाळीच्या सुपरवायझरचा फोन आला.

"मॅडम, दोन नंबर चालू करू ना?"

"करा," बाई म्हणाल्या आणि पुन्हा कागदांकडे वळल्या.

थोड्या वेळाने त्यांनी माझ्याकडे हात नेला, आणि तो झाकणावरच थांबला. होकार त्यांनी इथला, रंगाचा दोन नंबर समजून दिला होता; फोन साबणाच्या कारखान्यातून आला होता. बाईंनी उलट फोन लावला. लाइन व्यस्त. पुन्हा लावला. घंटी वाजत राहिली, कोणी उचलेना. त्यांची बोटे माझ्यावर होती.

अखेर सुपरवायझरचा आवाज आला. "लावतोच, मॅडम. म्हटलं आधी चहा संपवावा."

"लावू नका. आत माणूस आहे."

पलीकडे पावले धावली. मग सुपरवायझर फोनवर परत आला; त्याचा आवाज पार खाली गेला होता.

"आहे, मॅडम. आत बसून घासतोय. गाणं म्हणतोय."

मित्रांनो, ते यंत्र कपभर चहामुळे थांबले होते, कोणाच्या शहाणपणामुळे नव्हे. बाईंना हे पक्के ठाऊक होते. दुसऱ्या दिवशी त्यांनी साबणाच्या मालकांना सारे सांगितले. मालकांनी समजूत घातली, की काही झाले नाही ना, मग मनाला लावून घेऊ नका. आणि दोन दिवसांचे तर काम, त्यात दमायला काय होते?

"मी दमले आहे हे माझं मलाच कळलं नाही," बाई म्हणाल्या. "मला भीती त्याचीच वाटते."

खोक्यांचे काम त्यांनी सोडले. उरलेल्या दोघांना सांगितले, की ज्याचा दिवस त्याचाच फोन, आणि टाकीत स्वतः डोकावून पाहील त्यानेच होकार द्यायचा. रंगवाले कुरकुरत तयार झाले. साबणवाले अजून विचार करत आहेत, आणि फोन वाजला की बाई अजूनही दचकतात.

तो गाणारा माणूस फाटकापाशी भेटला की बाईंना हसून नमस्कार करतो. त्याला यातले काहीच माहीत नाही. म्हणून, मित्रांनो, तुमच्या घरात कोणी थोडाच वेळ काम करत असले, तरी ते थोडेच दमत असेल असे समजू नका. त्याला वेळीच थांबवा. त्याच्या एका होकारावर विसंबून कोणीतरी आत उतरलेले असते.